पायावर घेतलेलं बाळ

खानदेशात तान्ह्या बाळाची मालिश पायांवर होते. आजी जमिनीवर पाय लांब करून बसते, लुगडं गुडघ्यांच्या वर सारते आणि दोन्ही नडग्या जुळवून मधल्या खोलगट जागेत बाळाला उताणं ठेवते. डोकं तिच्या घोट्यांकडे, पाय तिच्या पोटाकडे. बाळाचं तोंड सगळा वेळ तिच्या डोळ्यांसमोर राहतं, तिचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि तेलाने निसरडं झालेलं अंग कुठे घसरत नाही. तिच्या नडग्यांची ऊब बाळाच्या पाठीला लागते. दवाखान्यांतली टेबलं, वॉर्मर, गाद्या मी नोकरीभर पाहिल्या. धडधाकट बाळाला हाताळायला यापेक्षा चांगली जागा मला दिसली नाही.

मी आरोग्य सेविका होते. सुरुवात साक्री तालुक्यातल्या एका उपकेंद्रात झाली, मग शिरपूरकडची गावं, आणि पुढे बदली होऊन जळगाव जिल्हा. खांद्याला लसींचा डबा, पिशवीत वजनाचा स्प्रिंगकाटा आणि झोळी, हातात रजिस्टर. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळ बघायचं. पण बाळ दिसतच नसे. अंधाऱ्या खोलीत, खाटेच्या आतल्या अंगाला, टोपडं, झबलं, दोन दुपटी, वर गोधडी. नाकाचा शेंडा काय तो बाहेर. 'उघडून दाखवा' म्हटलं की घरात कुरबुर सुरू. दृष्ट लागेल, वारं लागेल, आत्ताच झोपलं. त्यामुळे मी लवकरच एक गोष्ट ठरवून टाकली: जायचं ते न्हाऊ घालायच्या वेळेला. सकाळी आठ-नऊच्या सुमारास, चुलीवर पाणी तापत असताना. त्या वेळी बाळ उघडं असतं, उजेडात असतं आणि त्याच्यावर एका जाणत्या बाईचे हात फिरत असतात. मला जे जे तपासायचं असे ते तिथे आपोआप दिसे. हातपाय ढिले आहेत का, पोट फुगलंय का, नाळेच्या बुडाशी पू आहे का, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का, कातडीवर बोट दाबून उचललं की खाली पिवळेपणा दिसतो का.

मालिश हीच बाळाची रोजची तपासणी आहे, हे मला कुठल्या प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. आज मी ते ठामपणे सांगते, आणि हे लिहायचं कारणही तेच. तेल हे निमित्त. खरं काम हातांचं आणि डोळ्यांचं.

मात्र त्या वेळी न्हाणीपाशी जे चालायचं ते सगळंच बघवत नसे. आपल्याकडे पक्की समजूत होती, अजूनही काही घरांत आहे, की बाळ रडलं नाही तर मालिश अंगी लागली नाही. पिंपळनेरच्या बाजूला एक आजी होत्या, गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवरून गेलेली. बाळ हिरवंनिळं होईपर्यंत रडत होतं आणि आजी शांतपणे त्याचा उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावून ताणत होत्या. मी म्हटलं, "आजी, जरा हळू." त्या हसल्या. "पोऱ्या रडना नै, ते मालिश कशी व बाई?" रडण्याने छाती मोकळी होते, रडून दमलं की पोर दोन-तीन तास झोपतं, तेवढ्यात सुनेला भाकरी टाकता येते, असं त्यांचं म्हणणं. त्यातली झोपेची गोष्ट खरीच होती. फक्त ती झोप सुखाची होती की थकव्याची, हे बाळाला विचारायची सोय नव्हती.

ताणणं हे त्यातल्या त्यात सौम्यच. नाक सरळ यावं म्हणून चिमटीत धरून ओढायचं. डोकं गोल यावं म्हणून दोन्ही तळव्यांत दाबायचं. नाकात, कानात तेलाचे थेंब सोडायचे. दोन्ही पाय धरून उलटं टांगायचं, म्हणजे मान धरते. अंगावरची लव जावी म्हणून कणकेच्या गोळ्याने घासायचं, ते पाठ लालबुंद होईपर्यंत. आणि ज्याची मला सगळ्यात धास्ती वाटे ते म्हणजे बाळाच्या छातीतलं 'दूध' पिळून काढणं. जन्मल्यावर काही दिवसांत मुलगा असो की मुलगी, पुष्कळ बाळांची छाती सुपारीएवढी सुजते. आईच्या रक्तातली संप्रेरकं बाळात उतरलेली असतात, त्याने होतं. काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण ते पिळलं की आत जंतू जातात, गळू होतं, चिरा द्यावा लागतो. मुलीच्या बाबतीत तर पुढच्या आयुष्यालाच धोका.

या बायांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं होतं. आमच्या खात्यातलेही काही जण तसं करत. मला ते कधी पटलं नाही. त्या बाईने पंचवीस-तीस वर्षं पोरं वाढवलेली असतात, न्हाऊ-माखू घालून, सव्वा महिना बाळंतिणीची कंबर रगडून, धुरी देऊन, आणि त्या बदल्यात एखादं लुगडं, शेर-दोन शेर धान्य, हातावर थोडे पैसे घेऊन. 'हे बंद करा, ते बंद करा' अशी यादी वाचून निघून येणाऱ्या नर्सबाईचं तिने का ऐकावं? मी नकार मोजकेच ठेवले आणि प्रत्येकाला कारण जोडलं. नाका-कानात तेल नको, कारण नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि त्याचा न्युमोनिया औषधाला दाद देत नाही. छाती पिळायची नाही. उलटं टांगायचं नाही. नाळ पडून बेंबी सुकेपर्यंत तिथे काही लावायचं नाही, तेल नाही, राख नाही, हळद नाही. मोरीवर बाळाच्या नाकातोंडात फुंकर मारून शेंबूड काढायचा नाही. बाकीचं सगळं चालू द्या, फक्त जोर कमी करा.

जोर कमी म्हणजे किती, ही खरी अडचण. 'हळू' या शब्दाला माप नाही. शेतात नांगर धरलेल्या, कापूस वेचलेल्या हाताचं हळू वेगळं आणि माझं वेगळं. यावर एक उपाय कामी आला. मी आजीला डोळे मिटायला सांगायची आणि तिच्याच बोटाने तिचीच बंद पापणी चोळायला लावायची. "जेवढा दाब इथे सोसवतो ना, तेवढाच बाळाला." मग माझ्या मनगटावर तिला तेवढाच दाब द्यायला सांगायची. पहिल्यांदा बोटं रुतायची. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हात हलका यायचा. पिंपळनेरच्या त्याच आजींनी पापणी चोळून झाल्यावर बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडे बघितलं, मग म्हणाल्या, "इतलं धीरे? मंग त्याले समजी का?" मी म्हटलं, करून बघा. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. बाळ पायांवर होतं, जागं होतं, रडत नव्हतं आणि आजींच्या तोंडाकडे टक लावून बघत होतं. आजी त्याच्याशी बोलत होत्या. मालिश करताना त्या बोलतात, हे मी तोवर ऐकलंच नव्हतं. रडण्यात ऐकू येत नसणार.

मी जी पद्धत शिकवत गेले ती या बायांच्याच हातांतून घेतलेली आहे, फक्त तिचा क्रम नीट लावला. पाजल्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास गेलेला असावा. बांगड्या मागे सारायच्या, अंगठी काढायची, नखं बघायची. तेल वाटीत, वाटी कोमट पाण्यात. विस्तवावर तेल थेट तापवायचं नाही. आधी आपलेच तळहात एकमेकांवर चोळायचे आणि ते बाळाच्या मांड्यांवर नुसते ठेवायचे. चोळायचं नाही, ठेवायचे. बाळ अंग सैल सोडतं ते हाताला कळतं, मग सुरुवात पायांपासून, कारण पाय उघडे पडण्याची बाळाला सवय असते. मांडीपासून घोट्यापर्यंत लांब हात फिरवायचा, तळपायावर अंगठा टाचेकडून बोटांकडे. पोटावर हात बाळाच्या उजवीकडून वर, मग डावीकडे आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. मोठं आतडं त्याच दिशेने जातं, म्हणून वारा सरतो. छातीवर मधून बाहेर, पुस्तकाची पानं उलगडावी तसं. मग हात, शेवटी पालथं घालून मानेपासून ढुंगणापर्यंत. टाळूवर तेल लावा पण थापटू नका, 'भरू' नका. ती जागा हाडं जुळायची म्हणून मोकळी ठेवलेली असते आणि साधारण दीड वर्षापर्यंत आपली आपण भरून येते. मात्र तिथे रोज बोट फिरतंय हे फार चांगलं. जुलाबात पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, मेंदूला सूज आली की ती फुगते, आणि हा फरक सगळ्यात आधी रोज तेल लावणाऱ्या बोटाला कळतो.

बाळाने मान फिरवली, जांभया-उचक्या सुरू झाल्या, बोटं फाकवली, पाठ ताणली, तर त्याचं पुरे झालेलं असतं. थांबायचं. अर्धीच झाली तरी चालते. ताप असेल त्या दिवशी नाही. दीड महिन्याच्या लसीनंतर मांडीला जी गाठ येते ती 'जिरवायला' चोळायची नाही. ही एक गोष्ट सांगताना माझा घसा बसायचा, कारण गाठ दिसली की आजीचा अंगठा तिकडे जाणारच.

नोकरीत पुढे वेगळीच गंमत झाली. खेड्यात आम्ही जोर कमी करायला सांगत होतो आणि शहरातले काही डॉक्टर मालिशच नको म्हणू लागले. इन्फेक्शन होतं, हाड मोडतं, काही उपयोग नाही. बैठकीत माझ्यासारखीने त्यांच्यापुढे काय बोलायचं? मग मी वाचायला लागले. आपल्याकडची ही रीत बाहेरच्या जगाने किती आदराने घेतली, ते तेव्हा कळलं. फ्रेडरिक लबॉये हे फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ. कोलकात्याच्या गरीब वस्तीत शांतला नावाची एक आई आपल्या बाळाला पायांवर घेऊन चोळताना त्यांनी पाहिली आणि १९७६ साली तिच्याच नावाने पुस्तक लिहिलं. ते वाचून युरोपातल्या आया मालिश शिकल्या. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी दवाखान्यातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं चोळून, हातपाय हलवून पाहिलं. दहा दिवसांत त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त वाढलं. २००० साली दिल्लीतल्या डॉक्टरांनी पूर्ण दिवसांच्या बाळांवर वेगवेगळी तेलं चार आठवडे वापरून तपासली, त्यात तिळाचं तेल उजवं ठरलं. वाढही चांगली, झोपही चांगली. आणि २००५ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचा अभ्यास छापून आला, त्यात खोबरेल तेलाने चोळलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं वजन चांगलं वाढलेलं दिसलं. हे कागद मी पिशवीत ठेवायची. बैठकीत एकदा वाचूनही दाखवले.

तेलाचं म्हणाल तर खानदेश हा शेंगदाण्याचा मुलूख. १९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, ज्याची पुढे विप्रो झाली, तो इथल्या भुईमुगाच्या जिवावर. त्यामुळे घरात घाण्याचं शेंगदाणा तेल असायचंच आणि बाळालाही तेच. बाळाच्या वाट्याला जे तेल घरात आहे, ताजं आहे, भेसळीचं नाही, ते चांगलं. तीळ किंवा खोबरेल असेल तर उत्तम. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत उत्तरेकडची कुटुंबं पुष्कळ. तिथे मोहरीच्या तेलाचा आग्रह. थंडीत ऊब देतं म्हणून. पण नवजात बाळाच्या पातळ कातडीला ते चुरचुरतं, लाल चट्टे येतात. मी त्यांना दोन-तीन महिने थांबायला सांगायची आणि तोवर खोबरेल सुचवायची. महागड्या बाटल्यांसाठी मात्र कुणी उसने पैसे काढू नयेत असं मला मनापासून वाटतं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात बाळासाठी सुगंधी तेलाची बाटली आणलेली आणि बाळंतीण मात्र कोरडी भाकरी खातेय, असं बघितलं की जीव तुटायचा. ते पैसे तिच्या ताटात पडले असते तर बाळाच्याच अंगी लागले असते.

आणि ऋतू. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. तेव्हा जाड तेल थापून दुपारी बाळाला निजवलं की अंगभर घामोळ्या. उन्हाळ्यात मालिश पहाटे, तेल नावापुरतं, नंतर आंघोळीत सगळं निघून जाईल असं. जानेवारीत धुळ्याकडे उलटी तऱ्हा. थंडी अशी की ओल्या अंगाचं बाळ दोन मिनिटांत गार पडतं. तिथे मालिश आणि आंघोळ उन्हं वर आल्यावर, वाऱ्याच्या आडोशाला, एकेक अवयव उघडा करत. शेगडीचा शेक मात्र दार लावून कधीच नाही. कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून तो नसतो असं नाही. आई आणि बाळ दोघंही त्यात गुदमरू शकतात.

आता शिरपूरकडची एक हकिकत सांगते, कारण हातांना काय कळतं ते मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसलं. पायाळू जन्मलेली मुलगी, पहिलटकरीण आई. घरी मालिश करायला गल्लीतल्याच एक मावशी येत. मी दीड महिन्याच्या लसीला त्या घरी गेले तर मावशी म्हणाल्या, "हाई मांडी उघडस नै व बाई." मी बघितलं. वरवर काहीच नव्हतं. मुलगी हसरी, दोन्ही पाय झाडणारी. मावशींनी तिला पायांवर नीट उताणं घेतलं, दोन्ही गुडघे दुमडले आणि हळूच बाहेरच्या बाजूला सोडले. उजवी मांडी सहज खाली टेकली. डावी अर्ध्यातच अडली. जोर लावला नव्हता, म्हणूनच ते कळलं. जोराने ताणणाऱ्या हाताला हा अडथळा लागलाच नसता, त्याने तो ओलांडला असता. मग मी पालथं करून मांडीच्या घड्या बघितल्या. डावीकडे एक घडी जास्त होती.

खुब्याचं हाड वाटीत नीट बसलेलं नसण्याची ही खूण. पायाळू बाळांत आणि मुलींत हे जास्त. जन्मतः थोडं सैल असतं आणि पाय सरळ यावेत म्हणून दुपट्यात घट्ट आवळून बांधले की आणखी सरकतं. त्या घरातही मुलीला तसं बांधत होते. मी धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. आजोबा तयार नव्हते. पोरगी पाय हलवतेय, दुखत नाही, मग कशाला खर्च? त्यांचं मन वळवलं ते मावशींनी. माझं ते सरकारी बोलणं, मावशी घरच्या. तिथे सोनोग्राफी झाली. एवढ्या लहान बाळाचं ते हाड कुर्चेचं असतं, एक्स-रेत नीट उमटत नाही. निदान खरं निघालं. मांड्या दुमडून बाहेर ठेवणारा पट्टा काही महिने बांधला आणि मुलगी वेळेवर चालली. हे सहा महिन्यांच्या आत कळलं तर बहुतेकदा पट्ट्यावर भागतं. चालायला लागल्यावर लंगडताना कळलं तर ऑपरेशन. पट्टा असताना मावशी रोज यायच्या, पट्ट्याला हात न लावता नुसते तळपाय, हात आणि टाळू चोळून जायच्या. मुलीची सवय मोडू नये म्हणून.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा आणि शिरपूरच्या वरच्या अंगाला पावरा आदिवासींच्या वस्त्यांमध्ये प्रश्न वेगळा होता. बाळं लहान. अडीच किलोच्या आतली पुष्कळ, काही त्याहून कितीतरी कमी. अशा बाळाला घरी चोळणं म्हणजे त्याची ऊब घालवणं. वजन वाढायला लागेपर्यंत त्याला मालिश नको, आंघोळ नको; आईच्या उघड्या छातीला लावून वरून गुंडाळायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली आणि ते काम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे २०११पासून देशभर आशाताई घरी जाऊ लागल्या त्याचं मूळ तिथे आहे. आमच्या आशांना ते वाक्य पाठ असे: लहान बाळाला तेल नको, छाती द्या. पण आई बाळंतपणाने गळालेली, चूल-पाणी तिलाच. एका वस्तीत मी बापाला विचारलं, तू घेतोस का? ऊसतोडीहून नुकताच परतलेला पोरगा, विशीचा. लाजला. मग सदरा काढून भिंतीला टेकून बसला आणि ते एवढंसं पोर छातीवर घेतलं. त्याच्या हाताच्या भेगा बाळाच्या पाठीला लागतील म्हणून तो हात फिरवत नव्हता, नुसता ठेवून बसला होता. मालिशीची पहिली पायरी मी सगळ्यांना हीच सांगते, हात ठेवणं. त्याला ती कोणी न सांगता जमली.

एक गोष्ट मला लिहायलाच हवी. काही घरांत मुलाची मालिश वर्षभर चालते आणि मुलीची सव्वा महिन्यात आटोपते. उघड कोणी बोलत नाही. 'बाईला वेळ नाही', 'सुनेची कंबर धरली', 'आता उन्हाळा लागला'. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. ज्या जिल्ह्यात मुलींना जन्मायचीच इतकी अडचण, तिथे जन्मलेल्या मुलीच्या वाट्याचं तेलही मोजलं जातं याचं नवल काय वाटायचं? पण राग यायचा. मी मुलीच्या घरी वजनाला गेले की आधी विचारायची, आज मालिश झाली का? झाली नसेल तर मीच बसायची, पाय लांब करून. नर्सबाई स्वतः पायांवर घेतेय म्हटल्यावर आजी उठून यायची आणि पोर माझ्या पायांवरून काढून घ्यायची. माझं काम झालेलं असे.

जळगाव शहरात बदली झाल्यावर बाळ पायांवर घेणारंच कोणी घरात नाही, असं चित्र दिसलं. नव्या कॉलन्यांत नवरा-बायको दोघंच. सासू गावी, आई दुसऱ्या गावी, आणि पहिले चाळीस दिवस संपले की दोघी आपापल्या घरी. आई झालेली मुलगी मोबाईलवर मालिशीचे व्हिडिओ बघते आणि बाळाला हात लावायला घाबरते. "सिस्टर, मोडेल ना हो काही." या मुलींना शिकवताना मला फार समाधान मिळालं. त्यांच्या हाताला जोराची सवयच नसते, त्यामुळे काढून टाकायचं काही नसतं. फक्त भीती जायला हवी. मी त्यांना पलंगावरून खाली उतरवायची, भिंतीला पाठ, गुडघ्यांखाली घडी घातलेली गोधडी, पायांवर मऊ दुपटं आणि दुपट्यावर बाळ. पहिल्या दिवशी नुसते पाय. दुसऱ्या दिवशी पाय आणि पोट. आठवड्यात पूर्ण अंग. ज्यांना पहिले काही दिवस बाळाबद्दल काहीच वाटत नाही म्हणून मनातून अपराधी वाटत असतं, अशाही आया असतात. त्यांच्या बाबतीत मी मालिशीचा जास्त आग्रह धरायची. हात फिरवता फिरवता त्या बाळाशी बोलायला लागत. न बोलणाऱ्या, न जेवणाऱ्या आईला मात्र डॉक्टरांकडे न्यायचं, तिथे तेलावर भागत नाही.

आशाताईंच्या घरभेटींचं वेळापत्रक ठरलेलं आहे. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. मधे लसीला बाळ येतं, पण सुई टोचेपर्यंतच. अंगभर बघायला कोणाला फुरसत नसते. या मधल्या दिवसांत बाळाला रोज उघडं करून बघणारी एकच व्यक्ती असते, मालिश करणारी. तिला आमच्या कुठल्याही रजिस्टरात रकाना नाही. नोकरीच्या शेवटच्या उपकेंद्रात मी आमच्या आशांना सांगितलं, माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या पानावर त्या बाईचा फोन नंबर लिहा आणि तिच्या फोनमध्ये आपला नंबर टाकून द्या. ग्राम आरोग्य दिनाला या बाया येऊन बसू लागल्या. धोक्याच्या खुणा त्यांना शिकवायला मी चित्रं घेऊन गेले होते. चित्रं बाजूलाच राहिली. त्या आपल्याच आठवणीतली पोरं सांगू लागल्या. कोणाचं अंग कसं लागत होतं, कोणाचं पोट कसं टणक झालं होतं, आणि पुढे काय झालं.

त्यातल्याच एकीचा सकाळी फोन आला. दोन महिन्यांचं बाळ, एरवी पायांवर घेतलं की हातपाय झाडणारं. "बाई, आज ते धरता येत नाही. पिठाच्या गोळ्यासारखं खाली जातंय. ताप नाही, खोकला नाही, पण तोंड सकाळपासून लावलं नाही." मी तिला तेल पुसायला, बाळ गुंडाळून आईच्या छातीला लावायला सांगितलं आणि १०२ला फोन केला. रक्तात जंतू झाले होते. दवाखान्यात ठेवावं लागलं, सुया-सलाइन झालं, आणि बाळ बरं होऊन घरी आलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी काही दिवस मालिश बंद ठेवायला सांगितली. आठवडाभराने बाईचा परत फोन. दूध चांगलं पितंय, अंग भरलंय, पाय झाडतंय, नुसते तळपाय चोळले तर चालेल का?

मी दुपारी जाऊन वजन केलं, मग हो म्हटलं.